पाहुणा परिच्छेद

"एका परिच्छेदात एकच मुद्दा. दुसरा आला की त्याची चूल वेगळी मांडून द्या," असं मॅडमनी धाकटीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धाकटीने ते हसण्यावारी नेलं. एका घरात सासू-सासरे, दोन भाऊ, दोन जावा आणि धाकटीची लहानगी मुलगी नांदतात, तर एका परिच्छेदात चार मुद्द्यांना कसली अडचण, असं तिचं म्हणणं. वर्षभराने तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण तपासून परत आलं, तेव्हा साडेतीन पानांच्या एका परिच्छेदाशेजारी समासात मॅडमनी एवढंच लिहिलं होतं: "श्वास कुठे घ्यायचा?"

तेही तिने गिळलं असतं. पण तिची थोरली जाऊही त्याच मॅडमकडे प्रबंध लिहीत होती आणि मॅडम उठताबसता तिचे गोडवे गात. पहिल्या वाक्यात मुद्दा, मग पुरावा, मग त्याचा अर्थ, आणि शेवटच्या वाक्याने पुढच्या परिच्छेदाचं बोट धरलेलं. त्यात कॉलेजात शिकवायची एकच जागा निघाली. जिचं प्रकरण मॅडमना पसंत पडेल, शिफारस तिची. धाकटीच्या पोटात दुखू लागलं, आणि हे दुखणं डॉक्टरकडे नेण्यासारखंही नव्हतं.

थोरली प्रत्येक परिच्छेद वेगळ्या कागदावर छापायची आणि गठ्ठ्याला चिमटा लावून ठेवायची. एका सकाळी ती आंघोळीला गेल्याबरोबर धाकटीने तो गठ्ठा उचलला आणि शेजारी आपले, आता तोडून तसेच छापलेले परिच्छेद मांडून बसली. नुसतं बघायचं तर होतं. बघून काही झिजत नाही. तेवढ्यात मुलीने चिमटा तोंडात घातला. धाकटीने हातातलं सगळं टाकलं. चिमटा बाहेर निघाला, मुलीने भोकाड पसरलं, कागदांची सरमिसळ झाली आणि न्हाणीघरातला नळ बंद झाला. दोघींचा विषय विद्यार्थ्यांचे निबंधच. थोरलीकडे त्यांतले परिच्छेद, धाकटीकडे विरामचिन्हं. धाकटीने घाईघाईत थोरलीचे बावीस कागद मोजून चिमटा लावला. आकडा जुळला, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

थोरलीने गठ्ठा न बघताच मॅडमकडे दिला. दुपारी मॅडमनी त्यातला एक कागद वर्गात वाचून दाखवला. स्वल्पविराम म्हणजे लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी ठेवलेली टेकायची जागा, असं त्याचं पहिलंच वाक्य.

"सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे," मॅडम म्हणाल्या, आणि धाकटीकडे वळल्या. "शिका काही जावेकडून. शिफारस तिचीच."

परिच्छेद धाकटीचा होता. स्वतःच्याच लेखनाचा हेवा करायची वेळ तिच्यावर आली. बोलावं, तर तो तिकडे गेला कसा हे सांगावं लागणार. गप्प बसावं, तर नोकरी हातची जाणार. थोरली मान खाली घालून बसली होती. काय पण विनय, असं म्हणत धाकटीने मनातल्या मनात दातओठ खाल्ले.

घरी येताना थोरली रस्त्यातच थांबली.

"अगं, तो परिच्छेद माझा नव्हता."

धाकटी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकली.

"तुझा होता. आपला कॉम्प्युटर एकच ना, मी रोज तुझी फाइल चोरून उघडते. तुझ्या लिहिण्यात जीव असतो गं. मी आपली विटा रचते. वाचता वाचता माझ्याच हातून छापायचं बटण दाबलं गेलं असणार."

"ताई, तुम्ही माझं वाचता?"

"जळते मी तुझ्यावर. वर्ष झालं."

इतकं गोड वाक्य धाकटीने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. खरं सांगायलाच तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"जाऊ द्या ताई," ती मोठ्या मनाने म्हणाली. "मी नाही मनात ठेवत."

आज सकाळपासून थोरली खोलीचं दार लावून मॅडमना पत्र लिहिते आहे. शिफारस मागे घ्या, धाकटीला द्या, असं. एका अपराधाला एक परिच्छेद. मधूनच नाक ओढल्याचा आवाज येतो. ती जेवलेलीही नाही. तुमच्यापैकी कुणाला सवड असेल, तर दार वाजवून तिच्याकडे जरा बघून या. धाकटी स्वतःच गेली असती, पण मुलीचा आत्ता कुठे डोळा लागला आहे, तिला एकटं कसं सोडायचं? आणि गेलातच, तर पत्र कुठवर आलं, तेवढं कळवा.