डिकीतले व्याही

गाड्यांमधलं मला जेवढं कळतं, तेवढं राहुरी तालुक्यात दुसऱ्या कुणाला कळत नाही. ही फुशारकी नाही बरं का, आपलं खरं ते सांगतो! आता माझ्या दारात एक ट्रॅक्टर आणि एक चौदा वर्षांची मोटारसायकल, एवढाच काय तो ताफा. पण मोबाईलवर म्हणाल तर जगातली एकही महागडी गाडी मी सोडलेली नाही. जेवताना, उसाला पाणी धरताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आपलं गाड्या बघणं चालूच! कुठल्या गाडीत किती घोड्यांची ताकद, शून्यावरून शंभरावर किती सेकंदात जाते, सगळं तोंडपाठ. आमची ही, अश्विनी, म्हणते, "एवढं लक्ष पोरीच्या स्थळांकडं दिलं असतं तर एव्हाना नातवंडं अंगणात खेळली असती."

आणि पोरीनं मात्र आपलं आपण जमवलं! आमची धनश्री कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या विभागात नोकरीला. रविराज शिकताना तिच्याच वर्गातला, कर्जतचा. पोरगा लाखात एक! अडचण एकच, त्याचे वडील. उत्तमराव. ठिबकच्या पाइपांचा कारखाना, एकशेदहा किलो वजन आणि वेळेचे असे पक्के की बोलायची सोय नाही. रविराजच्या थोरल्या भावाला पहिलं स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलीकडच्यांनी पोहे आणायला वीस मिनिटं लावली, तर हे उठून चालते झाले म्हणे! पोहे वाटेतच राहिले.

म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी धनश्रीनं माझ्यापुढं चक्क हात जोडले. "पप्पा, उद्या तुम्ही फक्त हसायचं. काही सुचवायचं नाही. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अगं, मी कशाला काय सुचवतोय?" मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो हो!

पण मधे ती गाडी आली ना! उत्तमरावांनी नुकतीच एक परदेशी गाडी घेतलेली. काळीभोर, पाचशे घोड्यांची, जमिनीला लागून चालणारी. ही गाडी दोन प्रकारांत मिळते. एकीत इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना, दुसरीत चारही चाकांना. मी फोटो बघितला आणि सगळ्या भावकीत जाहीर करून टाकलं की व्याह्यांची गाडी चारही चाकांची. भावकी म्हणाली, "तुला काय माहीत?" म्हणलं, "अरे, एवढी महागाची गाडी घ्यायची आणि दोनच चाकं चालवायची? आपला बैलसुद्धा चार पायांवर चालतो!"

मुहूर्त होता दुपारी बारा दहाचा. कर्जतची बाकी मंडळी टेम्पो ट्रॅव्हलरनं दहालाच मांडवात येऊन चहा पीत बसली होती. नवरदेव आणि त्याचे आईवडील मागून गाडीतून येणार होते. व्याह्यांना घ्यायला फाट्यावर जायचं ही आमच्याकडची रीत, म्हणून मी फेटा बांधून फाट्यावर उभा. साडेअकराला गाडी आली. काय तिचा तो आवाज! मी मागच्या सीटवर यशोधराबाईंच्या शेजारी, म्हणजे विहीणबाईंच्या शेजारी, अंग चोरून बसलो; गाडी रविराज चालवत होता, उत्तमराव त्याच्या शेजारी.

आणि अर्ध्या किलोमीटरवर सगळं ठप्प! साखर कारखान्याचा हंगाम जोरात, उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली आणि तिच्यामागं वीस-पंचवीस ट्रॅक्टरांची रांग. त्यातलाच एक माझा.

उत्तमरावांनी घड्याळ बघितलं. "व्याही, मुहूर्त कितीचा?"

"बारा दहाचा."

"मंग?"

त्या एका 'मंग'नं मला घाम फुटला. समोर पोहे दिसायला लागले! आणि तेवढ्यात डाव्या हाताला माझंच रान दिसलं. ऊस आठ दिवसांपूर्वी तुटून गेलेला, रान मोकळं, आणि पलीकडच्या टोकाला मांडव!

"रानातून घाला!" मी ओरडलो.

रविराज म्हणाला, "मामा, ही गाडी फार खाली आहे, आणि शिवाय हिची..."

"जावईबापू, मला सांगू नका. पाचशे घोडे हायेत!"

"ते आहेत, पण हिची ताकद..."

"ताकदीचं तर बोलूच नका! घाला बिनधास्त!"

होणाऱ्या सासऱ्याचा शब्द पोरानं मोडला नाही. हीच त्याची चूक. पन्नास पावलं गाडी झोकात गेली. एक्कावन्नाव्या पावलाला डावीकडं घसरली, मग उजवीकडं, मग मागचा भाग बसला. रविराजनं पाय दाबला. घोडे खिंकाळले, चाकं गरगरली, मागं चिखलाचं कारंजं उडालं आणि गाडी आणखी खाली गेली. चिखल? माझ्या रानात चिखल कुठला?

घरी फोन लावला. "अगं, रानात पाणी कुणी सोडलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना!" अश्विनीचा आवाज सगळ्या गाडीत घुमला. "पोरीचा साखरपुडा असो, नाहीतर माझं मयत असो, पाटाची पाळी आली की पाणी घ्यायचंच! तुटलेला ऊस परत फुटायला नको का? खोडव्याला सकाळी सहापासून चालूय. का? काय झालं?"

"काही नाही," म्हणलं आणि फोन ठेवला. काळी माती आणि पाटाचं पाणी! मी खाली उतरलो तर बूट घोट्यापर्यंत आत. वाकून बघतो तर काय, पुढची चाकं साधूसारखी शांत!

"पुढची का फिरंनात?"

"मामा, मी तेच सांगत होतो," रविराज बिचारा हळूच म्हणाला. "ही फक्त मागच्या चाकांवर चालते."

"चार चाकांची का नाही घेतली?"

आता उत्तमराव उतरले. "व्याही, चार चाकांचीपन शोरूमात हुती. मीच नगं म्हनलो. पुढच्या चाकांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं, ज्याचं काम त्यानं करावं! रस्त्यावर लोन्यावानी वळती गाडी. उसाच्या रानात घालायला न्हाई घेतली मी!"

"मग तसं बोलायचं तरी!"

"बोलू दिलं का तुमी?"

मी म्हणलं, दोरी बांधून माणसं ओढतील. तर म्हणाले, "बंपरला दोरी लागली की सोयरीक संपली!" म्हणलं, मग चालत जाऊ. "नवरदेव ढोपरभर चिखलातनं? कर्जतात तोंड दाखवायला जागा ठिवायची न्हाई का?" बारा वाजायला दहा कमी. त्यांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, "रविराज, गाडी निघाली की माघारी फिरवायची. कर्जत!"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. रात्रभर मेंदी काढून बसलेली माझी पोर डोळ्यांपुढं आली आणि खरं सांगतो, मला रडूच यायला लागलं. एकाच गोष्टीचा आधार होता. गाडी रुतलीय तोवर सोयरीक शाबूत! देवा, म्हणलं, अशीच राहू दे रे बाबा.

पण तेवढ्यात मांडवाकडून माझी थोरली बहीण आक्काबाई आली. खांद्यावर खोरं, नऊवारीचा काष्टा, मागं भावकीतली चार माणसं. हिनं उभा जन्म उसाच्या गाड्या रानातून काढल्या. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. "वढत्यात कुठली चाकं?"

"मागची, आत्या," रविराज म्हणाला.

"मंग मागं वजन नगं का? हलकी हाय म्हनून गरगरती. पाचट आना रं!"

पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. बांधावर ढीगच होता. तिनं चाकांपुढचा चिखल ओढला, पाचट कोंबलं आणि डिकीत कारखान्यानं सभासदांना दिलेल्या साखरेची दोन पोती मांडवातून आणून टाकायला लावली. साखरपुड्याला आणलेली! रविराजनं पाय दाबला. गाडी वीतभर पुढं आली आणि परत मागं.

"आजून येक मानूस पायजे. दनकट!" आक्काबाईनं सगळीकडं बघितलं. भावकीतले सगळे पाप्याचे पितर. मग तिची नजर उत्तमरावांवर थांबली. मी डोळे मिटले.

"दाजी, बसा डिकीत."

"मी? माझ्याच गाडीच्या डिकीत?"

"दुसऱ्याच्या डिकीत कशाला बसाल? बसा! घड्याळ बघा आदी!"

घड्याळाचं नाव काढलं आणि माणूस बसला हो! दोन पोत्यांच्या मधोमध, भरजरी फेटा बांधलेले माझे व्याही, पाय बाहेर सोडून! रविराजनं पाय दाबला. मागची चाकं पाचटात रुतली, धरली, आणि पाचशे घोडे एकदम सुटले! मी बरोब्बर मागं उभा होतो. फेट्यापासून बुटापर्यंत चिखल.

"थांबीव! फिरीव! कर्जत!" डिकीतून उत्तमराव ओरडत होते.

"दादा, थांबलो तर परत रुतेल!" रविराज बापाला ओरडून म्हणाला आणि गाडी थेट मांडवाकडं पळाली. शाब्बास रे माझ्या वाघा!

मी चिखल तुडवत पळालो. म्हणलं, उतरल्या उतरल्या हा माणूस आता मांडव पेटवणार. पण आमच्या वाजंत्र्यांना वाटलं ही नवीन पद्धत! त्यांनी जो ताशा उचलला! बायका ओवाळायला धावल्या, कर्जतकरांनी शिट्ट्या मारल्या. उत्तमरावांनी तोंड उघडलं, घड्याळ बघितलं, बारा वाजून चार मिनिटं झालेली, आणि उघडलेलं तोंड हळूहळू रुंद झालं. डिकीतूनच त्यांनी सगळ्यांना हात जोडले!

सुटलो! मी मांडवामागच्या पाण्याच्या टाकीला टेकून मटकन बसलो. तिथून स्टेज दिसत होतं. माझी पोर हसत होती, तिच्या बोटात अंगठी जात होती, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी चिखलातून वाट काढत होतं. इतकं हलकं मला उभ्या आयुष्यात वाटलं नाही.

शेजारी कर्जतकडचे एक म्हातारबाबा हात धूत होते. मला दारं धरणारा, म्हणजे रानाला पाणी देणारा गडी समजून म्हणाले, "काय रं, तूच सोडलं का पानी?"

"मालकानं सांगितलं हुतं."

"आरं, काय येडं मालक तुझं! सोता पानी सोडतंय आन् सोताच त्यात पाव्हन्याची गाडी घालतंय. पोरगी मातर गुनाची. नशीब आमचं, बापावर गेली न्हाई!"

तेवढ्यात माईकवरून उत्तमरावांचा आवाज आला, "मुलीचे वडील कुठं हायेत? शाल घ्यायला या की व्याही!"

मी उठलो, चिखलाचा फेटा सरळ केला.

"न्हाई बाबा," म्हणालो, "आईवर गेलीय," आणि स्टेजकडं निघालो.