गाय विकून आणलेला वारा

गोल्व्हेननं दुभती गाय विकून हवेच्या चाकांची सायकल आणली, त्याच दिवशी आझेनोरनं नवऱ्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं. "गाय देऊन वारा आणलास ना? मग झोप तिच्या जागी."

गोल्व्हेन बिचारा लाकडी बूट कोरणारा माणूस. मोर्ले गावाहून कारे गावापर्यंत सायकलींची शर्यत ठरली, तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं, जिंकायचं आणि घरात पाठ टेकायची. निम्मी वाट तो सगळ्यांच्या पुढे होता. आणि नेमकं स्वतःच्याच दारासमोर चाक फुस्स झालं.

आझेनोर उंबऱ्यात उभीच होती. तिनं वाकून चाकातला खिळा उपसला. "आपल्याच दुकानातला आहे. तुझ्या बुटांतून गळलेला. पक्के ठोक म्हणून किती घसा फोडला मी?"

"आतली नळी पार चिरलीय गं. गेली शर्यत."

एकेक गडी शेजारून पुढे निघून चालला होता. समोरच्या बाया तोंडाला पदर लावून, म्हणजे आपला एप्रन लावून, हसत होत्या. ते काही आझेनोरला सोसेना. ती आत गेली आणि सॉसेज भरायला खारवून ठेवलेली डुकराची लांबलचक आतडी घेऊन आली. "एकात एक ओवलीत. माझं आतडं आजवर फुटलेलं नाही. भर तुझा वारा."

गोल्व्हेननं ती चाकात नळीच्या जागी बसवली, वारा भरला, तोंड सुतळीनं आवळलं, आणि निघाला. चार वळणं बरी गेली. मग चाक तापलं आणि वास सुटला.

आधी पाववाल्याचं कुत्रं मागे लागलं, मग पाद्रीबाबांचं, मग अख्ख्या खोऱ्यातली. गोल्व्हेन असा सुटला की चढसुद्धा त्याला उतार वाटला. पुढचे सगळे गडी मागे पडले, शेवटची फीत तुटली, तरी हा थांबेना.

"उतर, सही कर," पंच ओरडले.

"आधी कुत्री आवरा," म्हणत तो चर्चभोवती फिरतच राहिला. शेवटी विहिरीच्या कठड्यावर उडी मारली आणि सायकल कुत्र्यांच्या स्वाधीन केली.

संध्याकाळी तो पायीच घरी आला. मागे दोरीला बक्षिसाचा मेंढा.

"कितवा आलास?"

"पहिला."

"आणि चाक?"

"दुसऱ्या नंबरानं खाल्लं."

आझेनोरनं मेंढा पुढून पाहिला, मागून पाहिला, वाकून खालूनही पाहिला.

"हा दूध देणार नाही."

"नाही," गोल्व्हेन मान खाली घालून म्हणाला.

तिनं त्याच्या हातातून दोरी घेतली. "गोठ्यात बांधते याला. दोघं काही मावायचे नाहीत तिथं. तू आत ये."