कापूस चालेल, गहू न्हाय

युनूसचाचांच्या बेकरीत शिरायचं तर आधी दोन्ही हात पसरून उभं राहावं लागतं. चाचा दारातच कपड्यांचा ब्रश घेऊन सज्ज असतात. "आधी झटक, मग बोल!" म्हणत ते गिऱ्हाइकाला खांद्यापासून ढोपरापर्यंत झाडून काढतात. भिवंडीत निम्म्या माणसांच्या अंगावर लूमचा कापूस असतोच. तो दिसला की मात्र चाचा उदार होतात. "कापूस चालेल, गहू न्हाय चालणार."

या बेकरीत गव्हाला बंदी आहे. गव्हाच्या कणानंही ज्यांचं पोट बिघडतं, त्यांच्यासाठी चाचा तांदळाचा पाव करतात. असा पाव शोधणारी माणसं आमच्या गावात असून असून किती असणार? दोनचार जण लांबून, अंबाडी गावाकडून येतात, बाकीचे आम्ही शेजारी भिडेखातर घेतो. एकदा शाळेतून येताना माझ्या पिशवीत उरलेली चपाती होती. चाचांनी पिशवी बाहेर खिळ्याला टांगली. "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवता ना? मग तुम्हाला कोण शिकवणार?" रांगेतली माणसं खुदुखुदु हसली आणि मी निमूट हात पसरले.

गंमत म्हणजे पूर्वी हेच चाचा मैद्याचे बादशहा. तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पिठानं पांढऱ्या असत, आता त्या वयानं आहेत. तांदळाच्या पावानं मात्र त्यांची सगळी कारागिरी मातीत घातली. पहिला पाव दाराला अटकाव म्हणून लावण्याइतका पक्का झाला होता. शेवटी त्यांना आईची भाकरी आठवली. तिच्यासारखी त्यांनी पिठाची उकड काढली आणि चिकटपणासाठी त्यात इसबगोल घातला. त्यापायी इसबगोलाचे इतके डबे नेऊ लागले, की मेडिकलवाल्यानं काळजीनं विचारलं, "चाचा, एकदा डॉक्टरला दाखवायचं का?"

चालती बेकरी मोडून हा उपद्व्याप कशाला, असं मी एका दुपारी विचारलं. चाचा ब्रशचे केस साफ करू लागले.

"माझी रेहाना लहानपणी लई अशक्त होती," ते म्हणाले. "भट्टीतला पयला पाव मी तिला द्यायचो. चहात बुडवून, ताकद येईल म्हणून. ती जेवढी वाळायची, तेवढा मी जास्त भरवायचो. लग्नानंतर डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू म्हणजे जहर हाय. माझ्या हातानं भरवलं, मास्तर."

त्यानंतर रेहाना माहेरी आली की घरी तांदळाची भाकरी व्हायची. तरी ती आजारी पडली. खालच्या बेकरीतलं पीठ उडून वर घरात यायचं, भांड्यांवर बसायचं. तेव्हापासून ती येताना स्वतःचा डबा घेऊन येते. माहेरी लेकीनं डबा आणायचा, हे बापाला किती लागत असेल, ते मला त्या दुपारी कळलं.

गेल्या महिन्यात रेहाना नवी बेकरी पाहायला पहिल्यांदा आली. मी पाव घ्यायला तिथंच होतो. तिच्या हातात डबा होताच. सवयीनं चाचांनी ब्रश उचलला आणि ते मध्येच थांबले. मग तो तिच्या हातात दिला आणि स्वतः हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले.

"आधी मला झटक."

त्यांच्या सदऱ्यावर काहीच नव्हतं. तरी ती बापाची पाठ झटकत राहिली, जरा जास्तच वेळ. मग आत येऊन तिनं गरम पावाचा तुकडा मोडला आणि उभ्याउभ्याच तोंडात घातला. चाचा तिच्या तोंडाकडे बघत होते.

"अब्बा, अजून एक द्या."

चाचांनी दुसरा पाव पुढे केला. तिचा न उघडलेला डबा बाजूला सरकवत ते दटावल्यासारखे म्हणाले, "पुढल्या वेळी हा रिकामा आण. माहेराहून भरून न्यायचा असतो."