एक रीडिंग म्हंजे अफवा

चौगुले अण्णांनी गरम डोसा खाल्लेला मी आजवर पाहिलेला नाही. बेंगळुरूच्या बनशंकरीत आमच्या कोपऱ्यावर एक दर्शिनी आहे. दर्शिनी म्हणजे उभ्या उभ्या खायचं हॉटेल. तिथे डोसा समोर आला की अण्णा शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढतात. हो, तोच व्हर्नियर, जो आपण शाळेच्या प्रयोगशाळेत हाताळला आणि परीक्षेत चुकवला. त्याने ते डोशाची जाडी मोजतात. एकदा कडेला, एकदा मधोमध, एकदा घडीपाशी. तिन्ही आकडे डायरीत उतरतात, सरासरी निघते, आणि मग अण्णा गल्ल्याकडे वळून जाहीर करतात, "आज बरा हाय. पास!" गल्ल्यावरचा माणूस हात जोडतो. तोवर डोशाचं चामडं झालेलं असतं.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी पुण्याहून नुकतीच आले होते. हे अन्नभेसळवाले असणार असं वाटून मी माझी चटणी मुकाट्याने संपवली. निघताना न राहवून विचारलंच, "काका, एकदा मोजलं तर चालत नाही का?"

माझ्या तोंडचं मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला, पण उत्तर काही मऊ झालं नाही. "ताई, एक रीडिंग म्हंजे अफवा. दोन म्हंजे भांडण. तीन झाली, की मग माणसानं तोंड उघडायचं."

अण्णा मूळचे निपाणीचे. बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात त्यांनी उभा जन्म क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढला. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. यंत्राचे शाफ्ट तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायचे. केसभर जरी फरक निघाला, तरी अण्णा शाफ्टला लाल रंगाचा ठिपका लावून बाजूला सारायचे. लाल ठिपका लागला की मालकाचा बाप आला तरी तो माल बाहेर जात नसे. निवृत्त होताना सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं, अण्णांनी व्हर्नियर मागून घेतला. लाल रंगाची डबी मात्र न मागताच घरी आली असावी, कारण आमच्या भागातल्या निम्म्या फरशांवर ठिपके आहेत.

आता असा माणूस बेंगळुरूत राहतो, ही नियतीने केलेली थट्टाच म्हणायची. हे शहर एका शब्दावर चालतं: स्वल्प. म्हणजे थोडंसं. रिक्षावाला स्वल्प पुढे सोडतो, नळवाला स्वल्प उशिरा येतो, बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा येऊन "स्वल्प ॲडजस्ट माडी", म्हणजे जरा सरकून घ्या, म्हणतो, आणि सगळे खरंच थोडं थोडं सरकतात. अण्णा सरकत नाहीत. अण्णा विचारतात, "स्वल्प म्हंजे किती वो? आकडा सांगा की!" नळ स्वल्पच गळतोय असं म्हणणाऱ्या नळवाल्याला त्यांनी मापाचं भांडं नळाखाली लावून तासभर स्टुलावर बसवून ठेवलं होतं. कशाचं माप सांगताना ‘स्वल्प’ हा शब्द त्यांनी स्वतः वापरलेला मी कधी ऐकला नव्हता.

तर अशा आमच्या वॉर्डात प्रगती मोजायची टूम निघाली. वॉर्ड ऑफिस आणि एक स्वयंसेवी संस्था, दोघांनी मिळून. लोकांकडे पैसा किती हे बघायचं नाही, लोक जगतात कसे हे बघायचं. पाणी येतं का, चालायला जागा आहे का, दवाखाना जवळ आहे का. घरोघरी फॉर्म भरायचे होते आणि त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. रहिवासी संघाच्या त्या बैठकीला मी गैरहजर होते. जो गैरहजर त्याची एकमताने निवड, हा नियम आपल्याकडे सगळीकडे सारखाच आहे. अण्णा मात्र आपणहून आले, डायरी, व्हर्नियर आणि टेप घेऊन.

पहिल्याच बैठकीत त्यांनी हात वर केला. समोर वॉर्ड ऑफिसच्या मॅडम होत्या आणि संस्थेची मेघना, पंचविशीतली, सोलापूरची, उत्साहाने नुसती उतू जाणारी. अण्णांनी फॉर्म वाचला. "‘रस्त्यावरून चालताना सुरक्षित वाटतं का?’ वाटतं म्हंजे? शाफ्टला काय वाटतंय ते आमी कधी इचारलं न्हाई."

मेघना म्हणाली, "अण्णा, ही माणसं आहेत."

"मग तर जास्तच मोजाय पायजे. शाफ्ट खोटं बोलत न्हाई."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांचंही खरं होतं. मॅडमना वर पाठवायला जरा बरे आकडे हवे होते आणि मेघनाला अहवालासाठी जरा वाईट. अण्णांना खरे हवे होते, त्यामुळे ते दोघींनाही अडचणीचे झाले. पहिल्या महिन्यात सरकार आणि संस्था यांच्यात जे काही सहकार्य झालं, ते अण्णांना कसं टाळावं या एका विषयावर झालं.

पण फूटपाथच्या प्रकरणाने चित्र पालटलं. मंदिराच्या रस्त्यावरचा फूटपाथ इतका उंच, की म्हाताऱ्या बायका त्यावर चढतच नसत, रस्त्यावरूनच चालत. मॅडम म्हणाल्या, स्वल्पच उंच आहे. झालं! अण्णांनी तीन सकाळी तिथे बसून किती बायका चढतात, किती वळसा घेतात, ते लिहून काढलं. पायरीची उंची तीन जागी मोजली. वर एका आजींची परवानगी काढून त्यांचा पाय जमिनीपासून किती उचलला जातो तेही मोजलं. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि बोटाने आकडा दाखवला. "फूटपाथ हितंवर. आजी हितंवर. मधली जागा सरकारची."

दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी गवंडी पाठवला. अण्णांनी त्याची पायरी तीनदा नापास केली, लाल ठिपके लावून. चौथ्यांदा पास झाली तेव्हा गवंड्याने मॅडमच्या देखत देवाचे आभार मानले. आता त्या आजी त्या पायरीवरून चढतात. मॅडमही अण्णांना "सर" म्हणायला लागल्या.

सगळं सुरळीत चालू असताना अण्णांनी मला छळायला सुरुवात केली.

एका रविवारी दुपारी, जेवून जरा आडवी झाले होते, तर फोन. "ताई, जरा घराकडं येतासा काय? तातडीचं हाय." आवाज असा, की मी चपला कशाबशा अडकवून चार गल्ल्या धावत गेले. अण्णा फाटकात उभे. हातात इथल्याच शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून घेतलेलं स्टॉपवॉच. मला पाहून त्यांनी ते टक्कन दाबलं. "सरी," म्हणाले, म्हणजे कन्नडमधलं ‘ठीक’. काम काय? तर खिडकी मोजायला टेपचं दुसरं टोक धरायचं.

मग एका बुधवारी, घरून ऑफिसचं काम ऐन रंगात असताना. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं. मी साहेबांना खोटं सांगून गेले होते, आणि माझ्या देखत अण्णांनी ते झाकण एका हाताने उघडलं. स्टॉपवॉच होतंच.

तिसऱ्यांदा सकाळी साडेसहाला. मी तोंडात ब्रश, केस पिंजारलेले, अशी पोचले. अण्णांनी घड्याळ दाबलं आणि शांतपणे म्हणाले, "चहा घेनार?"

माझा तोल गेला. "अण्णा, ही काय चेष्टा लावलीय? मला काही कामधंदा नाही असं वाटलं का? आता परत बोलावलंत ना, तर मी येणार नाही, सांगून ठेवते!"

"सरी," ते म्हणाले. या वेळी जरा हळू. मी तणतणत परत आले आणि पुढे दोन आठवडे दर्शिनीच्या बाजूला फिरकले नाही.

फॉर्म जमा करायचा शेवटचा दिवस उजाडला. मेघनाचा फोन आला. "ताई, सगळे फॉर्म आले, फक्त एक राहिलाय. अण्णांचा स्वतःचा. पाचपर्यंत मॅडमना द्यायचेत, आणि ते फोनवर नुसतं ‘अजून पास झाला न्हाई’ म्हणतायत. तुम्ही जाता का?"

मी नाक मुरडत गेले. अण्णांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. वळणदार अक्षर. पाण्याच्या प्रश्नापुढे तीन आकडे, दवाखान्याच्या अंतरापुढे तीन आकडे. एकच प्रश्न कोरा होता. ‘अडचणीच्या वेळी हाक मारल्यास लगेच येईल अशी व्यक्ती आहे का? हो / नाही.’ दोन्ही चौकटी रिकाम्या, आणि शेजारच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं:

‘मुलगा, कॅनडा: एकतीस तास, दोन विमानं, दोन्ही वेळेवर असल्यास.’

आणि त्याखाली माझं नाव. ‘रीडिंग १, रविवार दुपार: अकरा मिनिटं. रीडिंग २, बुधवार, ऑफिसच्या वेळेत: चौदा. रीडिंग ३, सकाळी, दात घासताना: नऊ. शेरा: परत बोलावल्यास येणार नाही, असं म्हणाल्या.’

मी तो शेरा दोनदा वाचला. मला माझीच लाज वाटली.

अण्णा खिडकीकडे बघत बोलू लागले. "आमची मंडळी, सुमन, गेली न्हवं, त्या दिशी सकाळचे साडेधा झालते. ती खुर्चीत तशी झाली आन मी फोन हातात घेऊन उभा. कुणाला लावावा तेच कळंना. सगळे नंबर पीण्याच्या कारखान्यातले. कोन गावाकडं गेला, कोन वर गेला. मी नुसताच नंबर वर सरकवतोय, खाली सरकवतोय. किती येळ उभा होतो, तेवढं एक मोजलं न्हाई बघा मी." मग फॉर्मकडे बोट करून म्हणाले, "ह्यो प्रश्न मेघनानं घातला तवा वाटलं, आता तरी बघून ठेवावं. पर अंदाजानं कसं लिवनार? सरकारी कागद हाय."

"अहो, मग तीन रीडिंग झालीत की! हो लिहा ना."

"आन शेरा?"

"रागात बोलले हो मी. येईन. नक्की येईन."

अण्णांनी मान हलवली. "ते तुमचं मत झालं, ताई."

मला आठवलं, माझ्या फॉर्मवर या प्रश्नाला मी डोळे मिटून ‘हो’ केलं होतं. माझा नवरा महिन्यातले वीस दिवस परगावी असतो आणि बाकी सगळं गणगोत पुण्यात. मी कोणाच्या भरवशावर ‘हो’ म्हटलं होतं? बहुतेक मी वाचलंही नव्हतं. वॉर्डातल्या किती जणांनी तसंच केलं असेल, देव जाणे.

"ठीक आहे," मी उठले. "मी घरी जाते. पाचच्या आत कधीही फोन करा. चौथं रीडिंग घ्या."

"सांगून घेतलेलं रीडिंग चालत न्हाई."

"आज चालवून घ्या. आणि कधी करणार ते मला सांगू नका."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. दोन वाजले, तीन वाजले. फोन गप्प. करणारच नाही हा माणूस, असं वाटायला लागलं. चार वाजून गेले. साहेब मला स्क्रीनवरून काहीतरी विचारत होते, मी उत्तर देत होते, आणि फोन वाजला. अण्णा नेहमीसारखं "तातडीचं हाय" म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, येतासा?"

मी साहेबांचं वाक्य तसंच अर्धवट ठेवून पळाले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. रिक्षा चुकवत, त्या नव्या पायरीवरून चढत, लाल ठिपक्यांवरून.

अण्णा फाटकात नव्हते. फाटक ओलांडून रस्त्यावर, पार वळणापर्यंत मला बघायला आले होते. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात पेन. मला पाहिलं आणि त्यांनी तो फॉर्म शेजारच्या स्कूटरच्या सीटवर ठेवला. शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि ‘हो’च्या चौकटीत खूण केली.

"अण्णा," मी धापा टाकत म्हटलं, "रीडिंग? घड्याळ कुठाय?"

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला. घड्याळ घरात टेबलावरच राहिलं होतं.

"मग आता? किती वेळ लागला मला?"

अण्णांनी माझ्या दोन जातींच्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"स्वल्प," ते म्हणाले.