सरासरी मापाची चड्डी

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळं घरी आली त्याच आठवड्यात आमच्या पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांनी सायकल घेतली. पातळ चाकांची, वाकून चालवायची. डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं होतं. रविवारी साहेब ऑफिसच्याच पँटमध्ये हमरस्त्याने वीस किलोमीटर जाऊन आले आणि सोमवारी त्यांना खुर्चीत बसता येईना.

साहेब उभे म्हटल्यावर बाकीच्यांनी बसणं बरं दिसेना. आठ दिवस सगळं कार्यालय उभ्याने चाललं. तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी ठेवलेलं बाकसुद्धा शिपायाने भिंतीशी उभं करून ठेवलं. नवव्या दिवशी साहेब जपून बसले आणि म्हणाले, "एका रविवारात माझी ही गत झाली. मग आपले जे कर्मचारी रोज सायकल चालवतात, ते काय सोसत असतील."

शोध घेतला तेव्हा असे कर्मचारी दोन निघाले. एक मी आणि दुसरा लंब्या. आम्ही चावीवाले. लोखंडी लांब चावी सायकलच्या दांड्याला बांधून पहाटे निघायचं, रस्त्याकडेची झाकणं उचलून खालचे व्हॉल्व्ह फिरवायचे, एकेका वस्तीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं. खालच्या भागातले अकरा व्हॉल्व्ह माझे, टेकडीकडचे तेरा लंब्याचे. बावीस वर्षं मी एक सैल सुती पँट घालून हे काम करत होतो. उजवा पाय साखळीत जाऊ नये म्हणून तो ट्यूबच्या रबराने बांधायचो. कुठे काचत नव्हतं, कुठे टोचत नव्हतं. पण तसं मला कोणी लेखी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे ते सुख कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं.

साहेबांनी वस्त्रसुख समिती नेमली. समितीत पाच जण, पाचही सायकल न चालवणारे. त्यांतल्या भांडारपालांनी सभागृहात एक सायकल स्टँडवर लावली. एकेक सदस्य तिच्यावर चढून बसला आणि शिपायाने ती धरून ठेवली. चहा होईपर्यंत कोणालाही काही त्रास झाला नाही, तशी नोंद इतिवृत्तात झाली.

कपडे शिवायचं काम माझ्या मेहुण्याला मिळालं. तो शिंपी. त्याने समितीपुढे विचारलं, "आमचे दाजी रोज सायकल मारतात. त्यांना काय घालून बरं वाटतं, ते विचारू का?"

"विचारायचं नाही," भांडारपाल म्हणाले. "लाभार्थ्याचं मत घेतलं की निर्णयात पक्षपात येतो."

"मग मापं तरी घेऊ द्या."

"मापं घ्या. मापात मत नसतं."

मेहुण्याने मापं घेतली. लंब्या उंचीने सहा फूट दोन इंच, कमर अठ्ठावीस. मी बरोबर पाच फूट, कमर चाळीस. समितीने कागद बघितला आणि ती विचारात पडली. एकाच योजनेत दोन मापं दिली तर भेदभाव होतो. म्हणून सरासरी काढली. उंची पाच फूट सात इंच, कमर चौतीस. सरासरी शास्त्रीय असते, असं साहेबांनी स्वतःच्या हाताने शेऱ्यात लिहिलं.

सुखवस्त्रं आली. अंगाला चिकटून बसणारी ताणाची काळी चड्डी, बुडाखाली येईल अशी बोटभर जाडीची गादी शिवलेली. वर पिवळा धमक सदरा, खिसे पाठीवर. कापड उत्तम होतं. मेहुण्याचा हातही चांगला, शिवण बोटाला लागत नव्हती. पण लंब्याच्या अंगावर ती चड्डी घसरायची आणि गादी गुडघ्यामागे लोंबायची. माझ्या अंगावर ती चढायचीच नाही. बायको आणि मेहुणा दोघांनी दोन बाजूंनी ओढली, तेव्हा मांडीपर्यंत आली आणि तिथेच राहिली.

"दाजी, श्वास सोडा," मेहुणा म्हणाला.

"सोडला."

"मग आता घेऊ नका."

सगळ्या कार्यालयात ती चड्डी नेमकी बसली ती एका भांडारपालांना. ते पाच फूट सात, कमर चौतीस. त्यांनी ती घालून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या, साहेबांनी डोळ्यांनी खात्री केली, आणि योजना यशस्वी झाल्याचं जाहीर झालं.

मग सुखनोंदवही सुरू झाली. काम संपलं की रोज तीतली एक चौकट भरायची. चौकटी तीन होत्या: सुखी, अतिसुखी, परमसुखी. लंब्याला लिहिता येत नसे. तो परमसुखीवर अंगठा द्यायचा, कारण तीच चौकट रुंद होती. मला मात्र लिहिता येत होतं. मी त्रेचाळिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं शिकलो. ज्याला अक्षर उशिरा येतं त्याला वाटतं, लिहायचं ते खरंच लिहायचं असतं. मी चौकटी सोडून बाजूला लिहिलं, "मांडीला काचतं."

कारकूनबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "काका, समासात लिहायचं नसतं."

"मग कुठे लिहू? काचण्याची चौकट नाही."

"योजना सुखाची आहे. काचण्याची योजना आली की चौकट येईल."

तिसऱ्या दिवशी मला पत्र आलं. मंजूर सुखकारक वस्त्र परिधान करूनही आपणांस सुख होत नसल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपल्या शरीरातील त्रुटींबाबत खुलासा करावा. मी खुलासा केला की मी जन्मापासून असाच आहे. त्यावर साहेबांनी बोलावलं. ते माझ्याशी फार प्रेमाने बोलले.

"हे बघा, कपडा मंजूर झालाय. त्यात आता बदल नाही. तुम्ही उंचीने सात इंच कमी आहात आणि घेराने सहा इंच जास्त. हा फरक भरून निघेपर्यंत तुम्हाला सायकलवर बसवणं म्हणजे तुमचे हाल करणं. ते मी होऊ देणार नाही."

"साहेब, सायकल काढून घेऊ नका. मी जुनी पँट घालतो ना. तीत मला काहीच होत नाही."

"तीत सुख होतं याला पुरावा काय?"

पुरावा नव्हता. चावी काढून घेतली आणि मला भांडारात स्टुलावर बसवलं. पन्नाशीनंतर सात इंच वाढायचं कसं, याचा विचार करायला मला पूर्ण वेळ मिळाला.

माझे अकरा व्हॉल्व्ह लंब्याला दिले. चोवीस व्हॉल्व्ह, एक माणूस, आणि गुडघ्यामागे लोंबणारी गादी. सकाळी सहाचं पाणी आमच्या वस्तीला दुपारी तीनला येऊ लागलं. शेजारणी रिकाम्या बादल्या घेऊन माझ्याच दाराशी उभ्या राहायच्या, जणू मी पाणी खिशात घालून बसलो आहे. घरात जुळ्यांची दुपटी धुवायची राहिलेली.

बायको म्हणाली, "अहो, लिहून टाका एकदाचं सुखी म्हणून."

"खोटं लिहू?"

"एकतीस वर्षं मला सगळे विचारतात, बरं चाललंय ना? मी हो म्हणते. कुणाचं काही अडलंय?"

त्या संध्याकाळी लंब्या आला. सायकल भिंतीला लावून तो उंबऱ्यावर बसला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "तुझा खरेपणा चांगला आहे रे. पण तो मला काचतोय."

दुसऱ्या दिवशी मी परमसुखीत सही केली. सात इंचांचा विषय तिथेच मिटला. शरीराने सहकार्य केल्याबद्दल मला प्रशंसापत्र मिळालं आणि माझी चावी परत आली. सुखवस्त्र मांडीपर्यंत चढवून, वरून सदरा खाली ओढून फाटकातून बाहेर पडायचं आणि पहिल्या व्हॉल्व्हपाशी झाडामागे जाऊन जुनी पँट चढवायची, असं मी करू लागलो. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब त्याच रस्त्याने मोटारीतून जायचे, त्यांची सायकल केव्हाच विकून झाली होती. मला बघितलं की ते दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायचे. लंब्या मात्र ती चड्डी दिवसभर घालायचा. त्याला वाटायचं, अंगठा दिलाय तर निभावलं पाहिजे.

सरासरी दर वर्षी नव्याने काढायची असा नियम होता. पुढच्या वर्षी ऑगस्टात ती काढली तेव्हा सायकलवरचा कर्मचारी एकच उरला होता. एका माणसाची सरासरी काढायला कारकूनबाईंना अर्धं मिनिट लागलं. उंची पाच फूट, कमर चाळीस. मेहुण्याने शिवून आणलं. मी घातलं, सायकलवर टांग टाकली आणि अकराच्या अकरा व्हॉल्व्ह फिरून आलो. खोटं कशाला सांगू, आयुष्यात मी इतका आरामात कधी सायकलवर बसलो नव्हतो. शिवण लागत नाही, गादी हवी तिथेच, घाम कापडातच टिपला जातो. त्या संध्याकाळी मी परमसुखीत सही केली आणि ती खरी होती. साहेब म्हणाले, "बघा, योजनेला वेळ द्यावा लागतो."

तुम्हालाही एखादी गोष्ट अशी अगदी अंगासरशी बसत असेल. खुर्ची असेल, कामाची वेळ असेल, एखादा नियम असेल. शिंप्याचा हात चांगला आहे असं म्हणण्याआधी मोजणीतून कोण कमी झालं ते विचारून घ्या. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

नोंदवहीत लंब्याचे अंगठे डिसेंबरअखेरपर्यंत आहेत. रोज कार्यालयात यायला वेळ होत नाही म्हणून कारकूनबाईंनी ते त्याच्याकडून आधीच घेऊन ठेवले होते. लंब्या त्या वर्षी एकोणीस जुलैला, शनिवारी सकाळी सातच्या सुमारास, तीन दिवसांच्या तापाने आपल्या घरी वारला.