मुकुंदरावांच्या हातात काय?

आमचे मुकुंदराव रिकाम्या हाताने कुठेच जात नाहीत. साहेबांकडे जाताना फाइल, टपरीवर जाताना पाण्याची बाटली, आणि काहीच सापडलं नाही तर टेबलावरचं केळं. विचारलं तर म्हणायचे, "हातात काही दिसलं का लोकांना समजतं आपण कोण, भाऊ."

केळीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या तीन कचेऱ्यांचा कारभार एका संगणकावर आणायचं काम आम्हा दोघांच्या गळ्यात पडलं होतं. जीव विटला होता. तिन्हीकडे 'भाव' नावाचंच फंक्शन, म्हणजे भाव काढून देणारा प्रोग्रामचा तुकडा. बहादरपूरचं नुसतं वजन घ्यायचं, नेपानगरचं वजन आणि प्रत, बुऱ्हाणपूरचं गाडीचा नंबर. मी तिन्ही एकाखाली एक चिकटवली आणि घरी जाऊन झोपलो. पायथनने, म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या भाषेने, एका नावाचं शेवटचं तेवढं ठेवलं, आधीची दोन पुसली. सकाळी बहादरपूरहून फोन आला. त्यांच्या केळ्यांच्या वजनाला गाडीचा नंबर समजून संगणक गाडी शोधत बसला होता.

मुकुंदराव हसलेसुद्धा नाहीत. "नाव एक, तर फंक्शन बी एकच ठेव ना. पहिले बघ, समोरच्याने हातात काय आणलं. मग त्या हिशोबाने वाग."

"आणि काहीच आणलं नाही तर? चूक म्हणून परत पाठवू?"

ते एकदम तडकले. "हाकलू नको कोणाला! लिही, 'या, बसा'."

लिहिलं. काही न भरता बटण दाबलं की पडद्यावर 'या, बसा' यायचं. कारकून पोट धरून हसायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर.

काम कसंबसं उरकलं त्या संध्याकाळी ते मला घरी घेऊन निघाले. वाटेत मावा जिलबी घेतली. "आईला आता चेहरे ध्यानात राहिले नाहीत," ते म्हणाले. "हात बघते. जिलबी दिसली का मी मुलगा, गोळी दिसली का कंपाउंडर."

दारात ते चपला काढायला वाकले, म्हणून मी पुडा धरला. ते तसेच आत गेले.

खाटेवरच्या म्हातारीने त्यांचे हात निरखले. "कोन तुम्ही?" मग जरा सरकून तिने जागा केली. "असू द्या. या, बसा."

मुकुंदराव अंग चोरून खाटेच्या कडेला बसले. घाईघाईने मी पुडा पुढे केला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "बस म्हटलंय तिने. थोडं बसतो, मग दे."