नऊ नंबरची गोगलगाय

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझं मॉडेल चुकत नाही! पाऊस, दमटपणा, झाडोरा, सगळं त्यात घातलं की बाहेरदेशातून आलेली, वाडीच्या वाडी फस्त करणारी आफ्रिकन गोगलगाय पुढे कुठवर जाईल ते नकाशावर लाल होऊन दिसतं. पीएचडीची तीन वर्षं मी त्यात ओतली आहेत.

पडताळा घ्यायला समुद्रकाठच्या दातिवऱ्यात येसूबाईंच्या वाडीत बोराएवढ्या चाळीस गोगलगायी पकडल्या, पाठीवर लाल नेलपॉलिशनं नंबर घातले आणि सोडून दिल्या. निघताना येसूबाईंनी अळूच्या दोन जुड्या पिशवीत कोंबल्या.

“रिकाम्या हातानं जाशील कशी?”

एक जुडी पालघरला रूमवर ठेवली, दुसरी माझ्या गाईड किंजल मॅडमना दिली. पीएचडी अशीच पुढे सरकते.

चौथ्या दिवशी माझी रूममेट हिना मोरीतून किंचाळली. “मेघाली! भिंतीवर गोगलगाय! पाठीवर नऊ लिहिलंय!”

नऊ नंबर? दातिवऱ्याहून? पंचवीस किलोमीटर? मी हिशेब केला. न झोपता, न खाता, तासाला अडीचशे मीटर! एवढ्या वेगानं आमची पीएचडीची प्रगती समितीसुद्धा चालत नाही! मॉडेल पुन्हा चालवलं. दिवाळीपर्यंत वैतरणा, होळीपर्यंत अख्खा जिल्हा लाल! मी घाबरले, आणि खरं सांगते, थोडी हरखलेसुद्धा.

लगेच कृषी कार्यालयाला ईमेल लिहिला. ‘दातिवऱ्याचा पाला बाजारात येणं ताबडतोब थांबवावं.’ संध्याकाळी पाचला आपोआप जाईल अशी वेळ लावली. पण येसूबाईंचं घर त्या पाल्यावरच चालतं. त्यांना निदान आधी तोंडानं सांगावं म्हणून स्कूटर काढली.

येसूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कुठं गावली ती?”

“आमच्या मोरीत.”

“आनि मी दिलेलं अळू कुठं धुतलंस?”

“...मोरीत.”

“बाजाराचा पाला मी मिठाच्या पान्यातून काढते, एकेक पान झाडते. एक गोगलगाय नाय जात! तुला घरची म्हनून तसाच ताजा दिला. शिकलेली पोर, बघून घेशील वाटलं.”

मी घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी. फोनला रेंज नाही!

“येसूबाई, रेंज कुठं मिळते?”

“शेजारच्या पंढरीच्या होडीवर चढ!”

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर मी कशीबशी चढले, जाळ्यात पाय अडकून आपटले, पुन्हा उठले आणि फोन आभाळाकडे धरला. चार अठ्ठावन्नला एक काडी आली. ईमेल रद्द! हुश्श! मी तिथेच जाळ्यांवर बसून हसले आणि रडलेसुद्धा. येसूबाईंचं अळू वाचलं होतं, आणि माझी अब्रूही.

“झालं ना? चल, च्या पी,” मागून आलेल्या येसूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातात अळूची नवी जुडी कोंबली.

तेवढ्यात फोन वाजला. किंजल मॅडम.

“मेघाली, अळूवड्या छान झाल्या हं. पण आमच्या तुळशीच्या कुंडीत सतरा नंबर सापडलाय. तुझाच का?”

“हो मॅडम, येताना घेऊन जाते,” म्हणत मी हातातली जुडी हळूच झटकली.

टप्! एकतीस नंबर होडीत पडला.

“आता कसं,” येसूबाई म्हणाल्या, “बघून घेतलंस!”